प्रत कोठे आहे? ‘गिट-ॲनेक्स’ची ठावठिकाणा नोंदवही

संगणकावरील फाइलची प्रत काढणे हे आज अगदी स्वस्त काम झाले आहे. ती प्रत कोठे ठेवली हे ध्यानात ठेवणे मात्र तितके सोपे राहिलेले नाही. घरातील जुन्या छायाचित्रांचा एक संच लॅपटॉपवर असतो, दुसरा कपाटातल्या हार्ड डिस्कवर, तिसरा परगावी गेलेल्या पेनड्राइव्हवर. यांतला पूर्ण कोणता आणि अर्धवट कोणता, हे काही महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही. जागा अपुरी पडली की काहीतरी पुसावे लागते आणि पुसणाऱ्याचा हात तेथेच थबकतो: याची दुसरी प्रत नक्की आहे ना? संस्थांची स्थिती याहून बरी नसते. वाचनालये, मंदिर-समित्या, नाट्यसंस्था, संशोधन केंद्रे यांनी गेल्या वीस वर्षांत भरपूर स्कॅनिंग केले. त्या फाइली कोणत्या डिस्कवर आहेत, याची माहिती बहुधा एखाद्या जाणत्या कर्मचाऱ्याच्या डोक्यात असते आणि तो निवृत्त झाला की तीही त्याच्याबरोबर जाते.

हा ठावठिकाणा स्मरणशक्तीवर न सोडता नोंदीवर सोपवणाऱ्या मोजक्या साधनांत ‘गिट-ॲनेक्स’ हे एक महत्त्वाचे साधन आहे. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पात दीर्घकाळ काम केलेले प्रोग्रामर जोई हेस यांनी ते २०१० मध्ये लिहिले. ‘हॅस्केल’ या भाषेत लिहिलेला हा प्रोग्राम मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतो. २०१२ मध्ये हेस यांनी किकस्टार्टरवरून लोकवर्गणी जमवून त्याला सर्वसामान्यांना वापरता येईल असा खिडकीवजा चेहरामोहरा दिला, तरी त्याचा मूळ पिंड आज्ञा टंकून काम करण्याचाच राहिला आहे. एखाद्या इमारतीला जोडून बांधलेली उपइमारत असा ‘ॲनेक्स’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ. मुख्य इमारत म्हणजे ‘गिट’.

एकाच दफ्तराचे भाग अनेक ठिकाणी विखुरलेले असणे ही गोव्याला नवी गोष्ट नव्हे. पोर्तुगीज काळात लिस्बन आणि गोवा यांच्यात मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांतून जो पत्रव्यवहार होत असे, त्याचे ‘मोन्सूनचे ग्रंथ’ म्हणून ओळखले जाणारे खंड आज दोन खंडांत विभागलेले आहेत: आरंभीच्या खंडांचा मोठा भाग अठराव्या शतकात लिस्बनला नेला गेला आणि उरलेले पणजीच्या पुराभिलेखागारात राहिले. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज हिंदुस्थानातील दफ्तरखान्यांची जी मार्गदर्शिका १९५५ मध्ये प्रसिद्ध केली, तिचे मोल अभ्यासकांना यासाठीच वाटते. कागद जेथे आहे तेथेच राहतो, पण तो कोठे आहे हे सांगणारी यादी मात्र सर्वांच्या हाती पोहोचते. गिट-ॲनेक्सची मूळ कल्पना जवळजवळ हीच आहे. फरक एवढाच की येथे यादी स्वतःला अद्ययावत ठेवते आणि वस्तू हलवण्याचे कामही तीच करवते.

गिट हे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये घडवलेले साधन मुळात प्रोग्रामच्या मजकुरासाठी आहे. मजकुरात कोणी, केव्हा, काय बदल केला याचा संपूर्ण इतिहास ते राखते आणि हा इतिहास प्रत्येक भांडाराच्या पोटात पूर्णपणे असतो. एखाद्याने भांडाराची नक्कल घेतली की पहिल्या दिवसापासूनचे सारे त्याच्याकडे येते. काही किलोबाइटांच्या मजकुराला हा थाट परवडतो. स्कॅन केलेली पाने, ध्वनिमुद्रणे, चित्रफिती यांना तो परवडत नाही. एक टेराबाइटचा संग्रह प्रत्येक नकलेत पूर्ण भरायचा म्हटला, तर बहुतेकांच्या लॅपटॉपचा तेथेच अंत होईल.

गिट-ॲनेक्सने यावर काढलेला तोडगा साधा आहे. फाइलचे नाव एकीकडे आणि फाइलचा ऐवज दुसरीकडे, अशी फारकत त्याने केली. गिटच्या ताब्यात फक्त नाव जाते. त्या नावाच्या जागी एक लहानसा दुवा असतो आणि तो दुवा भांडाराच्या आतील एका राखीव कप्प्याकडे बोट दाखवतो. खरा ऐवज त्या कप्प्यात असतो किंवा नसतो. म्हणजे भांडाराची नक्कल घेणाऱ्याला चाळीस हजार फाइलींची नावे, त्यांच्या फोल्डरांची मांडणी, त्यांचा इतिहास हे सर्व काही क्षणांत मिळते, पण ऐवज एकाही फाइलचा मिळत नाही. हवा तो तेवढाच मागवायचा. ऐवज नसलेल्या फाइलवर क्लिक केल्यास ती उघडत नाही आणि नवखा माणूस येथे हमखास गोंधळतो. नाव दिसते तेथे फाइल असलीच पाहिजे, या सवयीला हा पहिला धक्का असतो.

ऐवजाची ओळख त्याच्या नावावरून नव्हे, तर त्याच्या अंतरंगावरून ठरते. फाइलमधील प्रत्येक बाइट विचारात घेऊन ‘एसएचए-२५६’ या गणिती पद्धतीने ६४ चिन्हांचा एक ठसा काढला जातो. त्या ठशाला फाइलचा आकार आणि शेपटीचे अक्षर जोडून जी खूण बनते, तिला गिट-ॲनेक्समध्ये ‘की’, म्हणजे किल्ली, म्हणतात. फाइलचे नाव बदला, ती दुसऱ्या फोल्डरात हलवा, किल्ली तीच राहते. उलट, फाइलमधला एक बाइट जरी बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. ‘अंतिम’, ‘अंतिम-२’ आणि ‘खरेच अंतिम’ अशा नावांच्या फाइलींचा ऐवज एकच असेल, तर तिघींची किल्लीही एकच निघते आणि भांडारात तो ऐवज एकदाच साठवला जातो.

आता भांडारांची ओळख. एखादी डिस्क, संगणक किंवा दूरचा सर्व्हर गिट-ॲनेक्सच्या व्यवस्थेत आणला की त्याला ३६ चिन्हांचा, जगात दुसऱ्या कोणाशीही जुळणार नाही असा क्रमांक मिळतो. हा क्रमांक यंत्रासाठी. माणसासाठी सोबत एक वर्णन लिहिता येते, आणि ते वर्णन विचारपूर्वक लिहिणे हे या साऱ्या व्यवहारातले सर्वांत दुर्लक्षित काम आहे. ‘बॅकअप’ एवढेच लिहिलेल्या वर्णनाचा पाच वर्षांनी कोणालाही उपयोग होत नाही. ‘निळी डिस्क, कार्यालयातील लोखंडी कपाट, वरचा कप्पा’ असे लिहिले, तर पुढे येणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस वाचतो. त्याच शब्दांची चिठ्ठी डिस्कवर चिकटवली तर आणखी बरे.

भांडाराचा क्रमांक आणि ऐवजाची किल्ली या दोहोंच्या आधारे ठावठिकाणा नोंदवही चालते. प्रत्येक किल्लीसाठी एक स्वतंत्र, छोटी मजकूर-फाइल असते. तिच्या प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी: वेळ, एक अंक आणि भांडाराचा क्रमांक. वेळ ही १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांत मोजलेली असते. अंक १ असेल तर त्या भांडारात ऐवज आहे, ० असेल तर तेथून काढला आहे. बस. एवढ्या सामग्रीवर सारा डोलारा उभा आहे. या छोट्या फाइली भांडाराच्या नेहमीच्या फाइलींत मिसळत नाहीत. गिटमध्येच ‘गिट-ॲनेक्स’ नावाची एक वेगळी शाखा असते आणि तिच्यात त्या तीन-तीन अक्षरी उपफोल्डरांत विखरून ठेवलेल्या असतात. वापरणाऱ्याने त्या शाखेत जाऊन हाताने काही करावे अशी अपेक्षा नसते.

एका मोठ्या यादीऐवजी हजारो चिमुकल्या फाइली कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. समजा, म्हापशातील संगणकावर एकाने काही पाने भरली आणि त्याच दिवशी फोंड्यातील संगणकावर दुसऱ्याने काही पाने काढून टाकली. दोघांमध्ये दिवसभर संपर्क नव्हता. यादी एकच असती, तर संध्याकाळी दोन यादींचा मेळ घालताना कोणाची खरी मानायची असा तंटा उभा राहिला असता. येथे तो उद्भवत नाही. दोन्हीकडच्या नोंदी जुळवताना दोन्हीकडच्या ओळी सरळ एकत्र केल्या जातात, कोणाचीही ओळ खोडली जात नाही. नंतर वाचताना प्रत्येक भांडारापुरती सर्वांत अलीकडच्या वेळेची ओळ खरी धरली जाते. म्हापशाने आपल्याबद्दल बोलावे, फोंड्याने आपल्याबद्दल. एकमेकांच्या तोंडून विसंगत बोलण्याची वेळ सहसा येत नाही. जमाखर्चाच्या रोजकीर्दीत जशी चूक खोडायची नसते, खाली नवी नोंद करायची असते, तशीच ही रीत आहे, आणि गिटच्या इतिहासात जुन्या ओळीही मागे शिल्लक राहतात.

या रचनेत एक कच्चा दुवा होता तो घड्याळाचा. एखाद्या संगणकाचे घड्याळ चुकून पुढच्या वर्षात गेले आणि त्याने ‘१’ अशी नोंद केली, तर घड्याळ सुधारल्यानंतर केलेली ‘०’ ही खरी नोंद जुनी ठरून बाद होईल. म्हणून आता नवी ओळ लिहिताना आधीच्या ओळीची वेळ पाहिली जाते. ती भविष्यातली दिसली तर नव्या ओळीची वेळ तिच्याही किंचित पुढे ढकलली जाते. घड्याळ खोटे बोलले तरी क्रम चुकत नाही.

नोंदवहीचा रोजचा उपयोग ‘व्हेअरइज’ या आज्ञेतून होतो. फाइलचे नाव देऊन ती आज्ञा केली की किती प्रती आहेत आणि त्या कोणकोणत्या भांडारांत आहेत, याची वर्णनांसह यादी समोर येते. महत्त्वाचे म्हणजे यासाठी त्या डिस्का जोडलेल्या असण्याची गरज नसते. दहा डिस्का कपाटात बंद असल्या, दोन दुसऱ्या गावी असल्या, तरी लॅपटॉपवर बसल्या जागी उत्तर मिळते, कारण नोंदवही लॅपटॉपच्या भांडारातही पूर्ण आहे. ‘गेट’ ही आज्ञा दिली की प्रोग्राम स्वतःच नोंदवही पाहतो, जवळच्या आणि स्वस्त पडणाऱ्या ठिकाणाहून आधी प्रयत्न करतो, आणि एकही ठिकाण हाताशी नसेल तर अमुक अमुक भांडारांपैकी एखादे जोडा असे सांगून थांबतो. गिट-ॲनेक्सच्या संकेतस्थळावर त्याचा वापर समजावताना दोन काल्पनिक माणसे उभी केली आहेत: एक सतत प्रवासात असणारी, जिला लॅपटॉपवर थोडेच न्यायचे आहे, आणि दुसरा जुन्या फाइली डिस्कांवर भरून कपाटात ठेवणारा संग्राहक. दोघांना वही एकच लागते.

येथवर सारे सोयीचे वाटते. खरी कसोटी पुसण्याच्या वेळी लागते, आणि गिट-ॲनेक्सचे शहाणपण दिसते तेही येथेच. नोंदवहीत ‘१’ लिहिलेले असणे म्हणजे ऐवज तेथे असल्याचा पुरावा नव्हे. ती शेवटची ज्ञात स्थिती आहे. फोंड्यातील डिस्कवरून कोणी सोमवारी फाइल काढली असेल आणि म्हापशाशी तिचा संपर्क शुक्रवारी होणार असेल, तर मधले चार दिवस म्हापशाची वही चुकीचे सांगत राहील. म्हणून ‘ड्रॉप’, म्हणजे येथील ऐवज काढून टाक, अशी आज्ञा मिळाल्यावर प्रोग्राम वहीवर विसंबत नाही. वही फक्त कोणाकडे चौकशी करायची ते सांगते. त्या त्या भांडाराशी प्रत्यक्ष संपर्क साधून ‘या किल्लीचा ऐवज तुझ्याकडे आत्ता आहे काय’ असे विचारले जाते. होकार मिळाला तरच येथील प्रत निघते. ज्या डिस्कवर प्रत असल्याची नोंद आहे ती जोडलेलीच नसेल, तर किती प्रतींची खात्री पटली आणि किती हव्या होत्या हे सांगून आज्ञा नाकारली जाते. वापरणारा चिडतो; डिस्क कपाटात आहे हे त्याला ठाऊक असते. पण कपाटातील डिस्क चालू स्थितीत आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि प्रोग्रामचा आग्रह तेवढ्यापुरताच असतो.

किती प्रती उरल्या पाहिजेत हा आकडा वापरणाऱ्याने ठरवायचा. न ठरवल्यास तो १ धरला जातो. २ किंवा ३ ठरवला, तर काढून टाकल्यानंतर इतरत्र तेवढ्या प्रती शिल्लक राहतील अशी खात्री पटल्यावाचून ‘ड्रॉप’ होत नाही. हा आकडा एखाद्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये नव्हे, तर त्याच सामायिक शाखेत लिहिता येतो, त्यामुळे तो सर्व भांडारांना लागू होतो. विशिष्ट फोल्डरसाठी वेगळा आकडा ठेवण्याचीही सोय आहे; मूळ स्कॅनच्या तीन प्रती आणि त्यांवरून केलेल्या लहान आकाराच्या चित्रांची एकच, असे करता येते.

एक पेच मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. दोन भांडारांत एकेक प्रत आहे आणि आकडा १ आहे. दोन्ही ठिकाणी बसलेल्या दोन माणसांनी एकाच क्षणी ‘ड्रॉप’ केले. पहिल्याने दुसऱ्याला विचारले: तुझ्याकडे आहे? आहे. दुसऱ्याने पहिल्याला विचारले: तुझ्याकडे आहे? आहे. दोघांनी आपापली प्रत काढली आणि फाइल जगातून गेली. दोघेही खरे बोलले होते. हा प्रसंग टाळण्यासाठी केवळ विचारणा पुरत नाही. विचारणा करणारा समोरच्या प्रतीला कुलूप घालतो आणि आपले काम होईपर्यंत ती काढली जाऊ नये अशी व्यवस्था करतो. सर्व प्रकारच्या साठवणींना असे कुलूप लावता येत नाही, काही क्लाउड-साठ्यांत ती सोयच नसते. त्यासाठी ठरवलेल्या आकड्याच्या खाली आणखी एक किमान आकडा ठेवलेला आहे: क्वचित प्रसंगी पहिल्या आकड्याला धक्का लागू शकतो, दुसऱ्याला नाही.

भांडारांच्या विश्वासार्हतेचे वर्गही केलेले आहेत. सामान्यतः प्रत्येक भांडार ‘अर्धविश्वासू’ मानले जाते: वहीतली त्याची नोंद उपयोगी, पण पुसण्यापूर्वी खातरजमा आवश्यक. एखाद्याला ‘विश्वासू’ ठरवले तर त्याला न विचारताच प्रत मोजली जाते. ही सवलत धोक्याची असल्याने नव्या आवृत्त्यांत ती देताना सक्तीचा पर्याय मुद्दाम जोडावा लागतो, आणि शक्यतो ती कोणालाही देऊ नये हेच बरे. ‘अविश्वासू’ भांडारातील प्रत प्रतींच्या गणतीत धरली जात नाही. आणि ‘मृत’ म्हणजे हरवलेली, जळालेली, चोरीस गेलेली डिस्क. ती तशी जाहीर केली की ‘व्हेअरइज’च्या उत्तरातून तिचे नाव निघते. हे जाहीर करणे लोक विसरतात. डिस्क बंद पडल्याचे सर्वांना माहीत असते, वहीला सांगितलेले नसते, आणि तीन प्रती असल्याचा समज कित्येक महिने तसाच चालू राहतो.

समजा, गोव्यातील एखाद्या वाचनालयाने जुन्या मराठी नियतकालिकांची ४० हजार पाने स्कॅन केली आणि प्रत्येक पानाची फाइल सरासरी २५ मेगाबाइटची झाली. एकूण ऐवज एक टेराबाइट. वाचनालयाच्या संगणकात तेवढी जागा नाही. एक डिस्क वाचनालयात, दुसरी बेळगावच्या एखाद्या सहयोगी संस्थेकडे आणि तिसरी प्रत भाड्याच्या क्लाउड-साठ्यात, अशी योजना केली आणि आकडा २ ठरवला. नव्या महिन्याची पाने संगणकावर भरायची, दोन ठिकाणी पाठवायची आणि मग संगणकावरून काढायची. आकड्याची अट पुरी झाल्याशिवाय ती निघतच नाहीत. बेळगावची डिस्क वर्षातून दोनदाच जोडली जात असेल, तर तेव्हा तिच्यावर काय नाही याची यादी वहीवरूनच निघते आणि तेवढेच तिच्यावर चढते. ‘ज्या फाइलींच्या दोनहून कमी प्रती आहेत त्या दाखव’ असा प्रश्नही विचारता येतो. दरमहा एकदा हा प्रश्न विचारणाऱ्या संस्थेला आपल्या संग्रहाची खरी प्रकृती कळते; किती टेराबाइट जमले, या आकड्यावरून ती कळत नाही.

प्रत आहे, पण ती धडधाकट आहे काय, हा पुढचा प्रश्न. हार्ड डिस्क वर्षानुवर्षे पडून राहिली की तिच्यावरील एखाद-दुसरा बाइट बिघडू शकतो, आणि गोव्याच्या पावसाळ्यातील दमट हवा कागदावर जशी बुरशी आणते तशी विजेच्या उपकरणांनाही सोसत नाही. ‘एफएसके’ या आज्ञेने भांडारातील प्रत्येक ऐवजाचा ठसा नव्याने काढून तो किल्लीतील ठशाशी ताडून पाहिला जातो. न जुळणारा ऐवज वेगळ्या कप्प्यात बाजूला ठेवला जातो आणि वहीत त्या भांडारापुढे ‘०’ लिहिले जाते, जेणेकरून बिघडलेल्या प्रतीच्या भरवशावर कोणी चांगली प्रत पुसू नये. प्रती पुरेशा नसल्यास तेही कळवले जाते. एक टेराबाइटची डिस्क साध्या यूएसबी जोडणीवरून तपासायला कित्येक तास लागतात, म्हणून अर्धवट सोडलेली तपासणी पुढे चालू ठेवण्याची सोय आहे. वहीतील चुका सुधारण्याचाही हाच मार्ग: कोणी फाइल-मॅनेजरमधून कप्प्यातील ऐवज परस्पर उडवला असेल, तर तपासणीत ते उघड होते.

ऐवज ठेवण्याची जागा गिटचे भांडारच असली पाहिजे असे नाही. ॲमेझॉनचा एस-३ साठा, वेबडॅव्ह सर्व्हर, साधे फोल्डर अशा अनेक ठिकाणांना ‘विशेष’ भांडार म्हणून जोडता येते. त्यांना गिटचे काही कळत नाही, पण त्यांचा क्रमांक वहीत असतो आणि त्यांच्यावरील प्रती मोजल्या जातात. परक्याच्या साठ्यात ऐवज ठेवताना तो कूटबद्ध करता येतो. यात एक सापळा आहे. कूटबद्ध प्रत उघडण्यासाठी लागणारी जीपीजी किल्ली एकाच माणसाच्या एकाच लॅपटॉपवर असेल आणि तो लॅपटॉप गेला, तर साठ्यातील प्रत जशीच्या तशी असते, तपासणीला ‘आहे’ असेच उत्तर देते, आणि तिचा काडीचाही उपयोग नसतो. उघडण्याची किल्ली कोठे आहे, हे ही वही सांगत नाही. क्लाउडचे भाडे कोणाच्या कार्डावरून जाते आणि ते कार्ड केव्हा संपते, हेही ती सांगत नाही. इंटरनेटवरचा पत्तादेखील एक ‘प्रत’ म्हणून नोंदता येतो. पत्ते बेभरवशाचे असल्याने ‘वेब’ला अविश्वासू ठरवून टाकणे शहाणपणाचे.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेल्याची उदाहरणे आहेत. २०१५ मध्ये ‘आर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या गटाने इंटरनेट आर्काइव्हमधील साठ्याच्या प्रती सामान्य लोकांच्या घरच्या डिस्कांवर ठेवण्याचा प्रयोग गिट-ॲनेक्सच्या आधारे सुरू केला. अनोळखी स्वयंसेवकाची डिस्क केव्हा बंद पडेल याचा नेम नाही, आणि तो सांगेलच असेही नाही. त्यामुळे ठरावीक मुदतीत तपासणी केल्याची वर्दी ज्या भांडाराकडून येणार नाही, ते आपोआप मृत धरण्याची ‘एक्स्पायर’ ही आज्ञा याच निमित्ताने आली. मौन म्हणजे नकार. मेंदूविज्ञानाच्या क्षेत्रात ‘डेटालॅड’ हे साधन गिट-ॲनेक्सवरच उभे आहे. ‘ओपनन्यूरो’वरील मेंदूच्या प्रतिमांचे संच त्यातून मिळवता येतात. संशोधकाला आधी यादी मिळते आणि हव्या त्या व्यक्तीच्या तेवढ्याच प्रतिमा मागवता येतात.

साधनाच्या मर्यादा लहान नाहीत. ते शिकायला अवघड आहे, विंडोजवर ते लिनक्सइतक्या सुरळीतपणे चालत नाही, आणि लाखो बारीक फाइलींच्या संग्रहात त्याची गती मंदावते. शिवाय फाइलींची नावे आणि भांडारांची वर्णने नक्कल घेणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतात. ऐवज कूटबद्ध असला तरी मुख्य भांडारातील फाइलचे नाव उघडेच राहते, तेव्हा रुग्णाचे किंवा अर्जदाराचे नाव फाइलच्या नावात घालणाऱ्या संस्थेने थबकून विचार करावा. आणि हे साधन स्वतःहून प्रती काढीलच असे नाही. कोणत्या भांडाराला काय हवे याचे नियम लिहून दिले तर ‘सिंक’च्या वेळी ते त्याप्रमाणे ऐवज हलवते, न दिल्यास ते फक्त असलेल्या प्रती मोजते.

वहीच हरवली तर काय, ही शंका स्वाभाविक आहे. नोंदवहीची शाखा गिटच्या प्रत्येक भांडारात पूर्णपणे असते, त्यामुळे चार डिस्कांपैकी तीन गेल्या तरी चौथीवर ती शाबूत असते, मग त्या डिस्कवर स्वतःचा ऐवज फारसा नसला तरी चालते. केवळ क्लाउडच्या विशेष भांडारावर विसंबणाऱ्याला मात्र हा आधार नाही, कारण तेथे बहुधा ऐवजच असतो, वही आणि फाइलींची नावे नसतात. ६४ चिन्हांच्या खुणांखाली रचलेल्या हजारो फाइली परत मिळाल्या, तरी कोणती कोणत्या अंकाचे कोणते पान हे एकेक उघडून पाहावे लागेल. त्यासाठी गिटच्या भांडाराची निदान एक नक्कल, ऐवजाविना का होईना, वेगळ्या ठिकाणी असणे आवश्यक ठरते. नुसत्या नावांची आणि नोंदींची ती नक्कल सहसा एखाद्या पेनड्राइव्हवर मावते.

मृत म्हणून जाहीर केलेली डिस्क पुढे कधीतरी सापडली, तर तिला पुन्हा ‘अर्धविश्वासू’ करायचे, जोडायची आणि तपासणी लावायची. जे धड निघेल त्याच्यापुढे वहीत ‘१’ येते आणि ती प्रत पुन्हा गणतीत येते.